चष्मा आणि चश्मा




शाळेत दरवर्षी आरोग्य तपासणी होते, हे आपणांस ठाऊक आहेच. पूर्वी तिची कार्डे कपाटात जात आणि कपाटातच राहत. गेल्या वर्षी एका पालकांनी पुढाकार घेऊन ती सर्व संगणकावर चढविली. मग विश्वस्तांनी विचारावे, किती मुलांना चष्मा सांगितला आहे, आणि आम्ही कळ दाबून यादी त्यांच्या हाती द्यावी, असा थाट झाला. आम्हांला त्याचे फार कौतुक! यादीतील प्रत्येक घरी चिठ्ठी गेली.

दिवाळीनंतर सहावीच्या वर्गावर बदली तासाला गेलो. मागच्या बाकावरचा एक मुलगा फळ्यावरचे उतरवून घेत नव्हता. आम्ही रागावलो. तो उभा राहिला, बोलला काहीच नाही. शेजारचा म्हणाला, "सर, त्याला दिसत नाही. मी माझ्या वहीतून दाखवतो."

कार्ड काढून पाहिले. दोन्ही डोळे ६/१८, म्हणजे निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून जे वाचता येते, ते याला सहा मीटरवर आल्याशिवाय वाचता येत नाही. पुढे शेरा होता 'चश्मा'. अक्षर आमचेच. तपासणीच्या दिवशी लिहायला माणसे कमी पडली म्हणून आम्ही बसलो होतो, आणि हिंदी माध्यमात घडलेला हात 'श'च लिहितो. संगणकाला 'चष्मा' शोधायला सांगितले होते, त्याने तेवढेच शोधले. आम्ही लिहिलेली अशी सारी कार्डे यादीतून निसटली होती. 'नंबर आहे' असा शेरा असलेलीही. त्याहून वाईट म्हणजे, तपासणीला जी मुले गैरहजर होती त्यांचा रकाना कोरा, म्हणून ती निर्दोष दृष्टीच्या मुलांत मोजली गेली होती.

ते पालक एका रुग्णालयात नोंदींचे काम पाहतात. ते म्हणाले, "सर, अहवाल काढणारे सॉफ्टवेअर तीन गोष्टी विचारते. कोणते रकाने हवेत, कोणती अट लावायची, आणि गट कसे पाडायचे. तुमच्या मनात काय आहे ते त्याला कळत नाही." मग त्यांनी ओपनएमआरएसची माहिती दिली. रुग्णनोंदींची ही मुक्त प्रणाली २००४ साली सुरू झाली आणि केनियातील एल्डोरेट येथे प्रथम वापरात आली. तिच्यात एक कोश असतो. प्रत्येक निदानाला, प्रत्येक ठरावीक उत्तराला तेथे एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाखाली निरनिराळ्या भाषांतील नावे. अहवाल क्रमांक शोधतो, शब्द नव्हे. याच पायावर उभी राहिलेली 'बाह्मनी' आपल्या शेजारच्या छत्तीसगडात, बिलासपूरजवळ गनियारीला, जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात वापरली गेली. एवढ्या मोठ्या कामातही माणसांच्या लिहिण्यावर विसंबत नाहीत, हे ऐकून आम्हांस जरा धीर आला.

आता आमच्या कार्डावर शेरा लिहायचा नाही, चौकोनात खूण करायची. 'तपासले नाही' याला वेगळा चौकोन आहे. नावांची यादी फक्त वर्गशिक्षकांकडे राहील, विश्वस्तांना केवळ आकडे मिळतील. यावर सभेत थोडी कुरकुर झाली, पण आम्ही ऐकले नाही. कोणाच्या मुलीचे हिमोग्लोबिन किती, हा सभेचा विषय नव्हे.

त्या मुलाच्या घरी आम्ही स्वतः गेलो. आई म्हणाली, "आम्हाला वाटलं, चिठ्ठी नाही आली म्हणजे डोळे ठीकच आहेत." याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आठवडाभरात चष्मा आला.

नवी कार्डे येत्या सोमवारी घरी पाठवीत आहोत. एकही ओळ बिनखुणेची दिसली, तर कृपया सही न करता परत पाठवावे.