परक्या शहरांतील खरेदी

परक्या शहरांत गेलेला मनुष्य तेथून काय विकत आणतो, यावरून त्याच्या रसिकतेची परीक्षा करावी, असें आमच्या एका स्नेह्यांचें मत आहे. या परीक्षेंत आम्ही साफ नापास झालों आहोंत. आमची कन्या नोकरीनिमित्त प्राग शहरीं राहते. मागें एका मे महिन्यांत, कॉलेजच्या परीक्षा आटोपल्यावर, तिच्याकडे तीन आठवडे राहण्याचा योग आला. त्या मुलखाचें कांचकाम जगांत नांवाजलेलें आहे, आणि निघतांना शेजारच्या मंडळींनीं आम्हांस त्याची आठवणहि दिली होती. परंतु परत येतांना आमच्या पेटींत कांचेचा एक प्यालाहि नव्हता. होता तो मोटारसायकलीचा एक पिस्टन, त्याच्या रिंगा व पिन, दोनचार गास्किटें, टाकीच्या दोहों बाजूंस लावावयाचीं गुडघ्यांचीं रबरें, आणि खिळ्यासारखी दिसणारी एक किल्ली. मुंबईच्या विमानतळावर ती पेटी उघडण्यांत आली, तेव्हां तेथील अधिकाऱ्यानें एकदां पिस्टनाकडे व एकदां आमच्या चष्म्याकडे पाहिलें, आणि आपण काय करतां, असा प्रश्न केला. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितों असें सांगितल्यावर त्याचा संशय कमी होण्याऐवजीं वाढला, असें आम्हांस वाटलें.

या पिस्टनाची हकीकत सांगावयाची म्हणजे प्रथम गाडीची सांगितली पाहिजे. आमच्या वडिलांनीं, त्यांना आम्ही तात्या म्हणतों, १९६८ सालीं, म्हणजे आमच्या जन्माच्याच वर्षीं, काळपट तांबड्या रंगाची एक ‘जावा’ घेतली. पिंपळगांव बसवंतांत तेव्हां फटफट्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आग्रारोडवरून तिचा आवाज येऊं लागला कीं आई चुलीवर चहाचें आधण ठेवी, आणि तात्या दारांत उतरेपर्यंत तें उकळलेलें असे. गाडी मोठी विलक्षण. सिलिंडर एकच, पण धूर सोडणाऱ्या नळ्या दोन. ज्या दांड्यावर पाय मारून ती सुरू करावयाची, तोच दांडा वळवून खालीं घेतला कीं गिअर बदलण्याच्या कामीं येई. आणि गिअर बदलतांना क्लच आपोआप सुटे. तात्यांचें शिक्षण सातवीपर्यंतचें. पण हें सर्व ते अशा रीतीनें समजावून देत, कीं आम्हांस आमच्या वर्गांत शेक्सपिअर तसा समजावून देणें अद्यापि साधलेलें नाहीं.

‘जावा’ हें नांव ऐकून ही गाडी त्या नांवाच्या बेटांतून येत असावी, अशी लहानपणीं आमची समजूत होती. पुष्कळ वर्षांनीं खरी व्युत्पत्ति कळली. प्रागमधील यानेचेक नांवाच्या शस्त्रांच्या कारखानदारानें १९२९ सालीं ‘वांडरर’ या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनविण्याचा परवाना विकत घेतला, आणि रोमन लिपींतील आपल्या व तिच्या नांवाचीं पहिलीं दोन दोन अक्षरें जोडून हें नांव तयार केलें. दुसऱ्या महायुद्धांत तो देश जर्मनांच्या अंमलाखालीं असतांना कारखान्यांतील मंडळींनीं पुढच्या काळाकरितां नवी गाडी चोरून आंखली, व १९४६ सालीं ती जगापुढें आणली. १९६० च्या सुमारास म्हैसूर येथें ‘आयडियल जावा’ हा कारखाना निघून ती आपल्याकडे बनूं लागली. पुढें तिचें नांव ‘येझदी’ झालें, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. २०१८ पासून ‘जावा’ या नांवाच्या नव्या गाड्या आपल्या रस्त्यांवर आल्या आहेत. पण तात्या त्यांस जावा म्हणावयास तयार नाहींत. जिच्या पेट्रोलांत तेल मिसळावें लागत नाहीं ती कसली जावा, असें त्यांचें म्हणणें.

तेलाचा हा मुद्दा हेंच आमच्या हकीकतीचें मर्म आहे. या जुन्या गाडींत पिस्टनाला वंगण पोंचविण्याची निराळी सोय नसते. पेट्रोलांतच तेल मिसळावें लागतें. लिटरास चाळीस मिलिलिटर हें तात्यांचें प्रमाण, आणि त्यासाठीं पत्र्याचें एक लहानसें माप. गोठ्यांतील खुंटीवर तेलाचा डबा, आणि डब्याच्या कानाला तें माप बांधलेलें. गाडी लांब न्यावयाची तर डबा बरोबर घ्यावयाचा, असा घरचा शिरस्ता होता.

१९८७ च्या उन्हाळ्यांत आम्ही एकोणीस वर्षांचे, बी. ए. च्या वर्गांत, आणि शहाणपणाच्या अगदीं भरांत होतों. एका मित्रास मागें बसवून सिनेमा पाहण्यासाठीं मालेगांवास गेलों. डबा नेण्याविषयीं तात्यांनीं बजावलें होतें. पण नव्या पँटीला डाग पडतील म्हणून आम्हीं तो नेला नाहीं. परत फिरतांना टाकी रिकामी झालेली दिसली. पंपावर पेट्रोल भरलें. तेल तेथेंहि मिळत होतें. पण खिशांत उरलेल्या पैशांत तेल तरी घेतां आलें असतें किंवा उसाचा रस तरी. आम्हीं रस घेतला. राहुड घाट अर्धा चढून आल्यावर इंजिनानें किंकाळी फोडली, मागचें चाक जागच्या जागीं आवळलें, आणि आम्ही दोघेहि रस्त्यावर पडलों. फारसें लागलें नाहीं. कांदे उतरवून रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकनें गाडीसह आम्हांस रात्रीं घरीं पोंचविलें. काय झालें, असें तात्यांनीं विचारलें. गाडी जुनी झाली, घाटांत आपोआप बंद पडली, असें आम्हीं सांगितलें. तात्या थोडा वेळ गाडीकडे पाहत राहिले. मग “असेल,” एवढेंच म्हणाले, आणि आमच्या कोपरास हळद लावण्यास आईला सांगून आंत गेले.

त्यानंतर गाडी दुरुस्त झाली नाहीं. सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन बसविला असता तर काम भागलें असतें. पण आधीं आमच्या नाशिकच्या वसतिगृहाची फी व पुढें एम. ए. साठीं पुण्यास राहण्याचा खर्च यांपुढें तो पिस्टन मागें पडला. तात्या सायकलीवरून बागेंत जाऊं लागले. घरापासून द्राक्षबाग चार किलोमीटर. निफाड तालुक्यांतील पौषांतली थंडी ज्यांनीं अनुभवली आहे, त्यांस पहांटे सायकल मारणें म्हणजे काय हें सांगावयास नको. असें अकरा वर्षें चाललें. मग त्यांनीं दुसरी गाडी घेतली. परंतु जावा कांहीं विकली नाहीं. भंगारवाले दोनदां आले व दोनदां रिकाम्या हातानें गेले. आम्ही प्राध्यापक झालों, सत्य आणि सौंदर्य यांवरील विद्यार्थ्यांच्या शेंकडों उत्तरांना गुण दिले, आणि ती गाडी गोठ्यांत पोत्यांखालीं आमच्या त्या एका वाक्याची साक्ष देत उभी राहिली.

तात्यांना ऐंशी वर्षें पूर्ण झालीं त्या दिवशीं, काय आणूं, असें आम्हीं त्यांस विचारलें. ते म्हणाले, “आणायचं काय? तिचा आवाज एकदा ऐकायला मिळाला तर बघ.”

हा पिस्टन पुण्यास नाना पेठेंत मिळाला असता, हें आम्हांस ठाऊक होतें. दुचाकींच्या सुट्या भागांची ती मोठी पेठ. तेथें न मिळे असें थोडेंच. आम्ही गेलोंहि होतों. पण पहिल्याच दुकानांतील पोरगेल्या विक्रेत्यानें, “काका, सीझ कशानं झाली?” असें सहज विचारलें, आणि आम्ही, पुन्हां येतों, असें म्हणून पायऱ्या उतरलों. मग प्रागचा योग आला. गाडीच्या माहेराहून भाग आणतों, असें आम्हीं तात्यांस सांगितलें, आणि त्यांसहि तें आवडलें. मनांतील खरें कारण मात्र वेगळें होतें. परक्या शहरांतील दुकानदार आपणांस ओळखत नाहीं, त्याची भाषा आपणांस येत नाहीं, आणि आपली त्यास येत नाहीं. तेथें पैसे द्यावे, वस्तु घ्यावी आणि निघावें. कोणी कांहीं विचारणार नाहीं, असा आमचा हिशेब होता.

लेटना टेकडीवरच्या तांत्रिक संग्रहालयांत तात्यांच्या गाडीचीं वडील भावंडें आम्हीं प्रथम पाहून घेतलीं. ‘रोबो’ हा शब्द ज्या चापेक बंधूंनीं जगास दिला त्यांच्या या शहरांत यंत्रांचा असा सन्मान व्हावा, हें आम्हांस योग्यच वाटलें. दुकान मात्र शहराच्या टोकाला, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे, एका घराच्या मागच्या आवारांत होतें. रस्त्यावर चेस्टनटचीं झाडें फुललीं होतीं, आणि आंत तोच वास होता जो आमच्या गोठ्यांत एका कोपऱ्यांत येतो: जुन्या तेलाचा, गंजाचा आणि रबराचा. मालक सत्तरीचा, निळ्या डगल्यांतील गृहस्थ. थोडें इंग्रजी जाणणारा. त्याच्या भाषेंत ‘आनो’ म्हणजे होय. आमच्या इंग्रजी वळणाच्या कानांस तें ‘नो’ असें ऐकूं येई. त्यामुळें प्रत्येक वस्तु आहे असें तो सांगे, आणि ती नाहीं असें समजून आम्ही खेद व्यक्त करीत असूं. हा घोटाळा कन्येनें निस्तरला. किंमत कमी करण्याविषयीं आम्हीं देशी पद्धतीनें सुचवून पाहिलें. तें त्यास समजलेंच नाहीं, आणि आम्हीं मुकाट्यानें कोरुना मोजले.

पिस्टनाची पाळी आली तेव्हां नाशिकच्या लेथवाल्यानें दिलेली चिठ्ठी आम्हीं पुढें केली. मूळचें भोंक ६५ मिलिमिटरांचें. पण ओरखडे खोल गेले असल्यामुळें तें कांतून पाऊण मिलिमिटरानें वाढवावें लागणार होतें, व पिस्टनहि तेवढाच मोठा हवा होता. खात्रीसाठीं त्यानें जुन्या भागांचें छायाचित्र मागितलें. तें फोनमध्यें होतेंच. चष्मा कपाळावरून खालीं घेऊन त्यानें तें निरखून पाहिलें, आणि आमच्याकडे न पाहतांच म्हणाला, “बेझ ओलेये.”

कन्येनें अर्थ सांगितला: तेलाशिवाय.

सहा हजार किलोमीटरांवर, ज्यास पिंपळगांव कोठें आहे हें ठाऊक नाहीं अशा मनुष्यानें, राहुड घाटांतील ती संध्याकाळ दोन शब्दांत वाचून दाखविली. लोखंडावरचें अक्षर कोणत्याहि देशांत सारखेंच वाचलें जातें, हा साधा विचार आमच्या हिशेबांत आलाच नव्हता. मग त्यानें इंग्रजींत विचारलें, “वडिलांच्या हातून कीं तुमच्या?” आमच्या हातून, असें आम्हीं उत्तर दिलें. पस्तीस वर्षें जें वाक्य मराठींत उच्चारवलें नव्हतें, तें आम्ही आमच्या पोटाच्या भाषेंत, कन्येच्या देखत, सहज बोलून गेलों. तो हंसला नाहीं, कीं त्यानें उपदेशहि केला नाहीं. पिस्टन जाड कागदांत गुंडाळला, कानावरची पेन्सिल काढून त्यावर ‘१ : २५’ असे आंकडे लिहिले, त्यांखालीं दोन ठळक रेघा ओढल्या, आणि पुडकें आमच्या हातीं दिलें.

ट्राममध्यें कन्या म्हणाली, “आबांना कधीच सांगितलं नाहीत?” आम्ही खिडकींतून बाहेर पाहत राहिलों.

घरीं आल्यावर त्याच रात्रीं सर्व सांगून टाकावयाचें, असा निश्चय आम्हीं विमानांतच केला होता. सुरुवातीचीं वाक्येंहि जुळविलीं होतीं, व्यवसायच तसा. तात्या ओसरीवर खाटेवर बसले होते. आम्हीं पुडकें त्यांच्या हातांत ठेवलें आणि घसा साफ केला. तेवढ्यांत त्यांनीं तें दिव्याकडे धरून वरचे आंकडे वाचले. सातवी शिकलेल्या मनुष्यास एकास पंचवीस म्हणजे लिटरास चाळीस, हें सांगावें लागत नाहीं. दोन रेघांवरून बोट फिरवून ते म्हणाले, “त्यालाही कळलं म्हणायचं.”

आमचीं जुळविलेलीं वाक्यें जागच्या जागीं राहिलीं. तुम्हांस केव्हां कळलें, असें आम्हीं विचारलें.

“त्याच संध्याकाळी. तुम्ही यायच्या आधी. धार काढायला गेलो तर डबा खुंटीवर, भरलेला.”

मग तेव्हां कां बोललां नाहीं, असें विचारतांना आमचा आवाज थोडा चढला असावा. तात्या शांतपणें म्हणाले, “म्हटलं, सांगशील. आज नाही तर उद्या. गाडी काय, उभी होतीच.”

भंगारवाले दोनदां कां परत गेले, याचा उलगडा आम्हांस तेव्हां झाला. तात्यांनीं ती गाडी गाडी म्हणून ठेवली नव्हती. आमच्यासाठीं जागा राखून ठेवली होती. आणि तेथें येऊन उभें राहण्यास आम्हांस प्रागमार्गे यावें लागलें. सायकलीच्या त्या अकरा वर्षांविषयीं आम्ही बोलूं लागलों, तेव्हां त्यांनीं हात हलवून विषय बंद केला.

नाशिकच्या लेथवाल्यानें सिलिंडर कांतून दिला. जुने ओरखडे संपूर्ण गेले. मात्र त्यासाठीं भोंक मूळच्यापेक्षां मोठें करावें लागलें. गांवांतील एका म्हाताऱ्या मिस्त्रीनें दिवाळीच्या सुटींत इंजिन जोडलें. पेट्रोल आम्हीं आणलें. तात्यांनीं डब्याच्या कानाला बांधलेलें तें पत्र्याचें माप सोडून आमच्या हातांत दिलें, व स्वतः बाजूला उभे राहिले. आम्हीं तेल मोजून घातलें. हात थोडा कांपला, पण एक थेंब सांडला नाहीं. सातव्या कीं आठव्या किकेला निळसर धुराचे दोन झोत दोन नळ्यांतून निघाले, आणि आग्रारोडवरून ऐकूं येणारा तो आवाज अंगणभर झाला. आधण ठेवणारी आमची आई आतां नाहीं. तात्यांनीं एकदां स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलें, हें आमच्या लक्षांत आलें.

दोन मिनिटांनीं त्यांनीं इंजिन बंद करण्यास खूण केली. आम्ही डबा नेऊन खुंटीला अडकवूं लागलों, तों मागून त्यांचा आवाज आला:

“खुंटीला नको. गाडीलाच बांध.”