अहवाल कोणाच्या नावे

बडोद्याच्या समा भागात घर घेणाऱ्यांचा एक पक्का समज आहे. बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे टायटल क्लिअरच असणार, एवढी मोठी बँक वकील लावल्याशिवाय थोडीच पैसे देते? वकील लावते, हे खरं. समाच्या फायलींपुरती ती वकील बरेचदा मीच असते, आणि म्हणूनच मला हा समज पटत नाही.

बँकेच्या पॅनलवरून फाइल येते तेव्हा माझी फी घर घेणारा भरतो, पण सर्च रिपोर्ट शाखाधिकाऱ्यांच्या नावे जातो. त्यातला प्रश्न बँकेचा असतो: हप्ते थकले तर हे घर विकून आपले पैसे सुटतील का? साठ लाखांच्या घरावर तीस लाखांचं कर्ज असेल तर घराची किंमत निम्म्यावर आली तरी बँक सुटते. आधी बुडतात ते घर घेणाऱ्यानं स्वतःच्या खिशातून घातलेले तीस लाख. त्याला निवांत राहायचं असतं, वर एखादी खोली चढवायची असते, वीस वर्षांनी विकायला काढलं तर गिऱ्हाइकानं नाक मुरडू नये असंही वाटत असतं. या गोष्टी बँकेच्या नमुन्यात कुठे विचारलेल्या नसतात. तीच फाइल घर घेणाऱ्यासाठी वाचायला घेतली की मी वेगळ्या पानांवर थांबते.

समा हे मुळात गाव. आधी शेतांचे सर्व्हे नंबर, मग बिनखेतीचा हुकूम, मग टाउन प्लॅनिंग स्कीम आणि तिचे फायनल प्लॉट नंबर. घराच्या कागदांत या तिन्ही काळांचे आकडे एकत्र नांदतात, आणि पहिलं काम म्हणजे ते एकमेकांशी जुळतात का हे पाहणं. दस्तावेजात सर्व्हे नंबर एक आणि स्कीमच्या नकाशात त्या जागेचा मूळ प्लॉट दुसऱ्याच्या नावे, असं निघालं तर बाकीचं वाचायची घाई मी करत नाही. त्यानंतर सातबारावरची शरत. जमीन जुन्या शरतीची की नव्या शरतीची, हे दोन शब्द पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. कुळकायद्यानं कुळाला मिळालेली जमीन नव्या शरतीची असते. कलम 43 प्रमाणे कलेक्टरची परवानगी घेतल्याशिवाय आणि सरकारात प्रीमियम भरल्याशिवाय ती विकता येत नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुणी ही पायरी चुकवली असेल, तर ती आज चौथ्या खरेदीदाराच्या पायात येते. बडोद्याच्या काही भागांना 1991 चा अशांत धारा लागू आहे. तिथे खरेदीआधी कलेक्टरची वेगळी परवानगी लागते, म्हणून सोसायटीचं नाव ऐकताच ती जागा यादीत आहे का, हेही बघून घ्यायचं.

पण माझा सगळ्यात जास्त वेळ खातो तो पेढीनामा, म्हणजे वंशावळ. मूळ शेतमालक वारला, वारसाईची नोंद पडली, त्यात तीन मुलगे. मुली? एक तर नावंच नाहीत, नाही तर पुढच्याच नोंदीत त्यांनी भावांच्या नावे हक्क कमी केल्याचं दोन ओळींत लिहिलेलं. अशी नोंद महसुलाच्या सोयीसाठी असते, मालकी तिनं ठरत नाही, हे न्यायालयांनी कितीदा सांगितलं आहे. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर त्याचा दस्त नोंदवावा लागतो. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानं वाटेकरी झाली आणि 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालानं त्यावरचा बराच घोळ मिटला. तरी अजून जुन्या फायलींतल्या बहिणी मला एखाद्या मृत्युपत्राच्या कोपऱ्यात नाही तर रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर सापडतात. सापडल्या की त्यांची सही, नाही तर नोंदवलेला हक्कसोड दस्त मागायचा. विकणारा म्हणतो, "बेन, ती तर सासरी छे, तिचं काय?" मी म्हणते, सासरी असली तरी वारस आहे.

जुन्या टेनामेंटची गोष्ट निराळी. जमीन सोसायटीच्या नावे, आणि सभासदाकडे वाटप-पत्र आणि शेअर सर्टिफिकेट. मधल्या काळात दोन-तीनदा घर विकलं गेलं ते ठराव करून, सर्टिफिकेटच्या मागे नाव चढवून. नोंदवलेला दस्तावेज एकही नाही. अशा घरात माणसं पन्नास वर्षं सुखानं राहिली आहेत. अडचण कर्ज मागायला गेल्यावर येते. मग मुद्रांकाची जुनी थकबाकी निघते, किंवा एखादी बँक हात झटकते आणि दुसरी घेते. घर घेणाऱ्याला वाटतं, जी घेते ती चांगली. मी उलट सांगते. जिनं नाकारलं तिच्या वकिलानं नेमकं काय लिहिलं ते शोधून आणा. नकाराचं कारण फुकट मिळतं, आणि फी मोजून घेतलेल्या होकारापेक्षा ते पुष्कळदा जास्त कामाचं असतं.

टेनामेंटच्या मागे मोकळ्या सोडलेल्या जागेत चढवलेली खोली मंजूर नकाशात नसते. तिच्यासाठी इम्पॅक्ट फीचा कायदा 2011 ला आला, 2022 ला पुन्हा आला, पण अर्ज करून पावती मिळणं आणि खोली नियमित झाल्याचा हुकूम मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावती दाखवणारे पुष्कळ भेटतात. नव्या स्कीममध्ये रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी) आणि बीयू (इमारत वापरण्याची) परमिशन मागायची, रेराचा नंबर पाहायचा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरनं किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये असं कायदा सांगतो, हे बिल्डरच्या ऑफिसात बसून म्हणून पाहा. चहा लगेच येतो.

आणि पाणी. मंगल पांडे पुलाखालून विश्वामित्री नदी जाते. 2024 च्या ऑगस्टअखेरच्या पुरात ती कुठवर चढली होती हे कुठल्याही इंडेक्समध्ये नोंदलेलं नाही. ते सोसायटीच्या वॉचमनला विचारायचं, आणि भिंतींचा रंग फक्त तळमजल्यालाच नवा का आहे तेही.

आता बँक कुठली. बडोद्याच्या मराठी घरांत याचं उत्तर एके काळी ठरलेलं असे. सयाजीराव महाराजांनी 1908 साली काढलेली ती आपली बँक. पुढे हसमुखभाई पारेखांनी 1977 मध्ये एचडीएफसी उभी केली आणि पगारदार माणूस निवृत्तीच्या फंडाची वाट न पाहता चाळिशीच्या आत घर घेऊ लागला. आज बिल्डरच्या ऑफिसातच एजंटांच्या खुर्च्या असतात आणि भाव पाव-अर्ध्या टक्क्यावर चालतो. अर्धा टक्काही क्षुल्लक नाही. तीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर साडेआठ आणि नऊ टक्क्यांच्या हप्त्यांत महिन्याला 957 रुपयांचं अंतर पडतं, म्हणजे मुदतभरात सव्वादोन लाखांच्या वर. पण पहिल्या दिवसाच्या दरापेक्षा दर बदलतो कसा, हे आधी विचारावं. बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं 1 ऑक्टोबर 2019 पासून बाहेरच्या मापाला, बहुतेक ठिकाणी रेपोला, बांधलेली आहेत. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना तो नियम नाही. त्या आपला मूळ दर स्वतः ठरवतात, आणि तो चढतो लगेच, उतरताना मात्र त्याला घाई नसते.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. सात टक्क्यांनी घेतलेल्या तीस लाखांचा हप्ता 23,259 रुपये. दर साडेनऊ झाला की त्याच तीस लाखांचं नुसतं व्याज महिन्याला 23,750. हप्ता तोच ठेवला तर मुद्दल फिटायचं सोडाच, वाढू लागतं. त्या वर्षी कितीतरी जणांची मुदत न विचारता लांबली. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बजावलं की हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला द्या.

आणखी एक हिशेब लोक उशिरा करतात. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, पंचाहत्तर लाखांपर्यंत 80. पण मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. गुजरातेत 4.9 टक्के मुद्रांक आणि 1 टक्का नोंदणी फी. खरेदीदार बाईमाणूस असेल तर ती फी माफ, म्हणून सहीच्या दिवशी कितीतरी नवरे नुसते साक्षीदार म्हणून उभे असतात.

मागे एक मावशी मुलाला घेऊन आल्या. मुलगा हालोलच्या कारखान्यात इंजिनियर, घर समातलं, बँकेचं मंजुरीपत्र हातात. "ताई, बँकेच्या वकिलानं पाहिलंय सगळं. पुन्हा तुम्हाला कशाला द्यायचे पैसे?" तो म्हणाला. प्रश्न रास्त होता. मी विचारलं, तो रिपोर्ट वाचलाय का? त्याला कुणी दिलाच नव्हता. मागून घेतला. शेवटच्या पानावर नेहमीचं वाक्य: नोंदणी कार्यालयात उपलब्ध असलेल्या नोंदींपुरताच शोध घेतला. त्यातल्या काही वर्षांची पानं जीर्ण, हे त्याच्याच आधल्या ओळीत. बँकेला एवढ्यानं भागतं. मावशींनी विचारलं, "मग त्या वर्षांत कुणी गहाण टाकलं असेल तर?" मुलगा गप्प. असा प्रश्न पडणारं माणूस बरोबर असलं की माझं काम निम्मं होतं. आम्ही वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, विकणाऱ्याकडून मूळ दस्तावेजांची सगळी साखळी टेबलावर मागितली. एक मूळ कागद त्याच्याकडे नव्हता. तो एका पतपेढीत निघाला, जुन्या कर्जापोटी ठेवलेला. कर्ज फिटलं होतं, कागद सोडवायचा राहिला होता. फेडल्याचा दाखला आणि कागद आल्यावर मग बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, झालं.

वकिलाकडे बानाखताआधी यावं, एवढं मात्र मी सगळ्यांना सांगते. सुथी, म्हणजे बयाणा, दिल्यानंतर आलेल्या माणसाला माझ्याकडून सल्ला नको असतो, धीर हवा असतो. आणि बँकेत मूळ दस्तावेज जमा कराल त्या दिवशी कागदांची यादी सही-शिक्क्यानिशी मागून घ्या. डिसेंबर 2023 पासून कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत द्यावे लागतात, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. पण कोणते कागद दिले होते, हे वीस वर्षांनी त्या यादीवरूनच दाखवता येतं.