डिपेंडंट

नगरमध्ये पत्ता सांगताना 'मिशन' हा शब्द आल्याशिवाय राहत नाही. शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, समोरचं मैदानही मिशनचं. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तिथली माणसं आधीही नुसतं 'नगर' म्हणायची, आताही तेच म्हणतात.) आम्ही नगरचे ख्रिस्ती. त्यामुळे अमेरिकन मराठी मिशनचा इतिहास आम्हाला लहानपणापासून पाठ. कोण कधी आलं, कोणती शाळा कोणी काढली, दुष्काळात कोणी किती काम केलं. पण त्या बंगल्यांमध्ये जी कुटुंबं राहायची, त्यांच्या घरात रोज काय चालायचं हे कुणी सांगितलं नाही. मुलांना आंघोळ कोण घालायचं? नवरा गावोगाव फिरायला गेला की बाई दिवसभर काय करायची? पोरं आपसात कोणत्या भाषेत भांडायची?

हे प्रश्न मला गेल्या वर्षी पडायला लागले. मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वय अठ्ठावीस. तीन वर्षांसाठी अमेरिकेला जायची संधी समोर आहे. माझा व्हिसा एच-१बी, बायको आणि दोन वर्षांची मुलगी 'डिपेंडंट' म्हणून एच-४ वर. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. एच-४ वर गेल्या गेल्या काम करता येत नाही, त्यासाठी आधी माझं ग्रीन कार्डचं प्रकरण बरंच पुढे सरकावं लागतं. म्हणजे जाणार तिघं, आणि कामाला एकटा मी.

तेव्हा मला एक जुना शब्द आठवला. बॉस्टनच्या ज्या संस्थेने इकडे मिशनरी पाठवले, तिच्या नोंदींमध्ये त्यांच्या बायकांना 'सहायक मिशनरी' म्हणत. नियुक्ती नवऱ्याची, बायको सोबत.

या सोबतीची किंमत पहिल्याच फेरीत कळली होती. हॅरिएट नेवेल लग्न होताच नवऱ्याबरोबर १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेहून जहाजात बसली. कलकत्त्याला पोचल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने राहू दिलं नाही, म्हणून ते मॉरिशसला निघाले. वाटेत बाळ झालं आणि गेलं. नोव्हेंबर संपता संपता मॉरिशसमध्ये तीही गेली. वय एकोणीस. तिचा नवरा सॅम्युअल पुढे मुंबईत काम करू लागला आणि १८२१ मध्ये कॉलऱ्याने वारला. त्याचा सहकारी गॉर्डन हॉल १८१३ मध्येच मुंबईला पोचला होता. १८२५ मध्ये त्याची बायको मुलांना घेऊन अमेरिकेला परतली, तो कामासाठी मागे राहिला आणि पुढच्याच वर्षी नाशिककडच्या दौऱ्यावर असताना कॉलऱ्यानेच गेला. सुएझचा कालवा व्हायला अजून चाळीसेक वर्षं होती. पत्र आफ्रिकेला वळसा घालून जायचं आणि महिनोन्महिने लागायचे. एखाद्याची तब्येत कशी आहे असं विचारणारं पत्र तो माणूस गेल्यानंतर येऊन पोचणं, हे त्या घरांत नवीन नव्हतं.

नगरचं ठाणं १८३१ मध्ये सुरू झालं. तिथल्या संसाराला ऋतूंप्रमाणे एक लय होती. पावसाळा संपून थंडी पडली की साहेब तंबू आणि बैलगाडी घेऊन खेड्यांच्या दौऱ्यावर. कधी बायकोमुलंही सोबत, कधी ती बंगल्यातच. उन्हाळा असह्य झाला की जमेल त्यांनी महाबळेश्वर गाठायचं. बाकीचे महिने मडमेने मुलींची शाळा बघायची, शिवण शिकवायचं, व्हरांड्यात येणाऱ्यांना औषध द्यायचं, पाहुण्यांचं करायचं आणि स्वतःच्या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवायचं. 'सहायक' या शब्दात हे सगळं बसवलेलं असायचं. सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रात जिचं नाव येतं त्या सिंथिया फॅरारने नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या. ती अविवाहित होती. म्हणूनच कदाचित तिचं काम तिच्या स्वतःच्या नावावर राहिलं.

मुलांची गोष्ट आणखी अवघड. ती आयांच्या अंगाखांद्यावर वाढायची, त्यामुळे मराठी आपोआप यायची. पण सात-आठ वर्षांची झाली की त्यांना 'घरी' पाठवायची रीत होती. घरी म्हणजे अमेरिकेत, नातेवाइकांकडे. ज्या देशात मूल कधी राहिलेलंच नाही तो देश त्याचं घर, आणि जन्मल्यापासून जिथे खेळलं ती आईवडिलांची नोकरीची जागा. नगरचे प्रसिद्ध रॉबर्ट ॲलन ह्यूम १८४७ मध्ये मुंबईत भायखळ्याला जन्मले. १८५४ मध्ये कुटुंब अमेरिकेला निघालं, आणि वडील समुद्रातच वारले. सात वर्षांचा रॉबर्ट आईबरोबर न्यू हेवनला वाढला, येल विद्यापीठात शिकला आणि १८७४ मध्ये परत येऊन नगरला स्थायिक झाला. तेव्हा त्याचं वय साधारण माझ्याएवढं होतं. तो परदेशी गेला की घरी आला, हे ठरवणं कठीण आहे. त्याचा पुतण्या एडवर्ड हिक्स ह्यूम १८७६ मध्ये नगरला जन्मला आणि डॉक्टर होऊन चीनमध्ये चांगशा शहरात काम करायला गेला. एका घरात तीन पिढ्या, आणि 'तुम्ही कुठले?' याला एका शब्दात उत्तर नाही.

पुढे १९०१ मध्ये कोडाईकनालला मिशनरी मुलांसाठी शाळा निघाली. समुद्र टळला, पण नगरहून तीही हजार किलोमीटरच्या पलीकडे. १९५० च्या दशकात रूथ हिल यूसीम ही समाजशास्त्रज्ञ भारतातल्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होती. अशा मुलांसाठी तिने 'थर्ड कल्चर किड' हा शब्द आणला. ना आईबापांच्या देशाची, ना राहत्या देशाची, मधल्याच एका तिसऱ्या जगातली. आज हा शब्द डॅलस किंवा न्यू जर्सीच्या मराठी मंडळातल्या मुलांबद्दल वापरतात. तो शब्द आपल्या इथल्या बंगल्यांमधून निघालाय, हे वाचून मी चकित झालो होतो.

पण ही गोष्ट मला नुसती अमेरिकन कुटुंबांची म्हणून सांगता येणार नाही, कारण माझी पणजी त्यांतल्या एका बंगल्यात आया होती. आजीचं बालपण स्वातंत्र्याच्या आसपासचं. ती सांगते, "आमची आई साहेबांच्या बाबाला निजवायची आणि मग आम्हाला निजवायला यायची. तोवर आम्ही निजलेलो असायचो." तो बाबा पणजीशी अस्सल नगरी मराठीत बोलायचा. कोडाईला जायच्या दिवशी तो पणजीचा पदर सोडेना, "मला नाय जायचं" म्हणून रडत राहिला. मडम आत खोलीत रडत होती, पणजी बाहेर. पुढे ते कुटुंब कायमचं परत गेलं. दोन ख्रिसमसना कार्ड आलं, मग बंद झालं.

मी आजीला विचारलं, "तुला त्या मुलाचा राग यायचा का?" ती म्हणाली, "पोराचा कसला राग? पण आई घरी आली की तिच्या अंगाला त्याच्या पावडरीचा वास यायचा."

माझी आणि त्या मिशनरींची तुलना एका मर्यादेपलीकडे जात नाही, हे मला कळतं. ते श्रद्धेने आले होते, मी पगारासाठी जाईन. ते आले तेव्हा राज्य गोऱ्यांचं होतं. माझा तिथला मुक्काम एका मंजुरीच्या कागदावर असेल आणि नोकरी गेली की आवराआवरीला थोडेच दिवस मिळतील. त्यांच्या धर्मांतराच्या कामाबद्दल वाद आहेत आणि ते व्हायलाच हवेत. माझ्या घराण्याला शाळेचा दरवाजा त्यांनी उघडला, हेही खरं. व्हिडिओ कॉलमुळे माझी आई नातीला रोज बघू शकेल, हॅरिएटच्या आईच्या नशिबी ते नव्हतं.

पण घरातला हिशोब तसाच आहे. निर्णय एकाच्या कामासाठी होतो आणि त्याचे दिवस बाकीचे काढतात. हे मी बायकोला बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "इतिहास छान सांगतोस. मी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तिथे काय करायचं ते सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आम्ही दुसरा रस्ता शोधतोय. कंपनीच्या अंतर्गत बदलीवर, एल-१ व्हिसावर गेलं तर जोडीदाराला काम करता येतं. त्यासाठी एखाद वर्ष थांबावं लागेल, आणि मिळेलच असंही नाही. तिच्या परवान्याच्या परीक्षांची चौकशी तिने सुरू केलीय. मुलीचं मराठी कसं टिकवायचं यावर वाद चालू आहे.

या सगळ्या बोलण्यात मुलीला सांभाळणाऱ्या मावशींचा विषय परवापर्यंत निघाला नव्हता. त्या सकाळी साडेआठला येतात. त्यांचा मुलगा सहावीत आहे, शाळेतून येऊन स्वतःच कुलूप उघडतो. मुलगी त्यांनाच आधी 'आई' म्हणाली होती. परवा त्यांनीच विचारलं, "दादा, तुमचं जायचं कधी ठरतंय? म्हणजे मला दुसरं काम बघायला." मी सांगितलं, वर्षभर तरी नाही, आणि ठरलं की तीन महिने आधी सांगेन. त्यांनी मान हलवली आणि मुलीच्या वरणभातावर तूप घातलं.