बिघडलेल्या भट्टीचें ऋण

गोरोबाकाकांनीं थापटणें हातीं घेऊन संतमंडळींचीं डोकीं तपासलीं आणि नामदेवांस कच्चें मडकें ठरविलें, ही कथा मराठी घरांत कोणास ठाऊक नाहीं? ती ऐकतांना आपण सहजच पक्क्या मडक्यांच्या पंक्तीला जाऊन बसतों. कच्च्या मडक्याचा कैवार घ्यावयास कोणी पुढें येत नाहीं. तो आज मला घ्यावयाचा आहे, आणि माझे साक्षीदार प्रयोगशाळेंतले आहेत.

जोर्वें येथील ताम्रपाषाणयुगीन भांडें टिचकी मारली असतां धातूसारखें खणखणतें. घोडनदीच्या कांठीं इनामगांवला त्या काळची कुंभाराची भट्टीही सांपडली आहे. असा आवा किती तापला असेल, हें आज कसें समजावें? शास्त्रज्ञ खापराचा तुकडा पुन्हां हळूहळू तापवितात. मूळच्या आंचेपर्यंत तो स्वस्थ असतो. ती मर्यादा ओलांडली, कीं आकसूं लागतो. सोसलेला ताप मातीच्या स्मरणांत राहतो, असेंच म्हणावयाचें! भट्टीच्या जमिनीची स्मृति याहूनही विलक्षण. निवतांना तिच्यांतील लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेची नोंद करून ठेवतात. ती दिशा शतकानुशतकें बदलत असल्यामुळें तिच्यावरून शेवटचा जाळ केव्हांचा, याचा अंदाज बांधतां येतो. एमिल तेलिये या फ्रेंच संशोधकानें १९३० नंतरच्या दशकांत या विद्येचा पाया घातला.

परंतु माझा मुख्य साक्षीदार इस्राएलमध्यें, बेत शेआरीम येथें आहे. १९५६ सालीं तेथील एक जुनी गुहा साफ करतांना भलीमोठी शिळा लागली : लांबी ३.४ मीटर, रुंदी जवळजवळ २ मीटर, वजन सुमारें ९ टन. ती हलेना, म्हणून तशीच राहूं दिली. १९६३ सालीं उलगडा झाला, कीं ही शिळा नसून कांच आहे! एकाच भट्टींत, हजार अंशांहून अधिक उष्णतेंत, कित्येक दिवस अहोरात्र जाळ घालून वितळविलेली, आणि मग तेथेंच सोडून दिलेली.

सोडून कां दिली? रॉबर्ट ब्रिल यांच्या पृथक्करणांत चुन्याचें प्रमाण भलतेंच अधिक आढळलें. त्यामुळें कांचेंत स्फटिक धरून ती गढूळ झाली होती. पुढें १९९९ सालीं फ्रीस्टोन आणि गोरिन-रोझेन यांनीं त्याचें कारण सुचविलें. त्या प्रांतीं शतकानुशतकें मिसरी खनिज-क्षार आणि समुद्रकांठची वाळू यांची कांच होई. लागणारा चुना वाळूंतल्या शिंपल्यांतून मिळे. नवव्या शतकाच्या सुमारास त्या क्षाराऐवजीं वनस्पतींची राख वापरण्यांत येऊं लागली. राखेंत स्वतःचा चुना होता. वाळू मात्र तीच राहिली. एका नव्या रीतीचा तो पहिला-वहिला प्रयत्न असावा.

उलट, हदेराजवळ १९९२ सालीं १७ कांचभट्ट्या उजेडांत आल्या. तेथील कांच उत्तम उतरली, म्हणून फोडून विकली गेली. मागें उरल्या त्या भाजलेल्या भिंती आणि चुरा. साधलेलें बाजारांत गेलें, फसलेलें तेवढें जागेवर राहिलें.

या ज्ञानाचा आनंद मानतांना मला थोडा संकोच वाटतो. ज्या सकाळीं त्या कारागिरानें भट्टीचें तोंड फोडून गढूळ कांच पाहिली, ती सकाळ त्याच्या घरीं कशी गेली असेल? सरपण जळून गेलें होतें, दिवस गेले होते, आणि तोडगा कोणापाशींच नव्हता. त्याच्या नुकसानीवर आपण आज शहाणे होत आहों.

आपल्या घरांतही पदकें कपाटांत राहतात. फसलेले बेत आणि अर्धीं टाकलेलीं हस्तलिखितें रद्दींत जातात. मुलांना आपण मिळविलेलें दाखवितों, तें कोठें बिघडलें होतें हें सांगत नाहीं. मग त्यांनाही त्याच वाळूंत तीच राख कालवावी लागते. निदान एखादी बिघडलेली कांच घरांत दिसेल अशी ठेवावी, आणि कोणी विचारलें तर चुना कोठून आला तें मोकळेपणानें सांगावें.