परातीतली ठकी

लावा घरात पाळायचा तर आधी माणसांना खाली बघून चालायला शिकवावं लागतं. पोपट खांद्यावर येतो, कोंबडीसुद्धा रात्री कशावर तरी चढून बसते. लाव्याचा सगळा संसार जमिनीवर. ठकी होती तोवर आमच्या लातूरच्या फ्लॅटमध्ये कोण कधी सोफ्याखालून निघेल याचा नेम नसायचा. येणारा पाहुणा दारातच विचारायचा, "कुठंय ती?" आणि मगच पाऊल टाकायचा.

माझ्या नणंदेच्या यजमानांचं उदगीरजवळ बटेरपालन आहे. बाजारात लाव्याला सगळे बटेरच म्हणतात. 2022 च्या दिवाळीत लेकीनं हट्टानं तिथून तीन पिल्लं आणली. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू सात-आठ ग्रॅमचं असतं. ही त्याहून थोडी मोठी, पण तिन्ही मिळून एका ओंजळीत मावत होती. बुटाच्या खोक्यात बल्ब लावून त्यांची ऊब सांभाळली. पाणी बरणीच्या झाकणात ठेवायचं, आणि त्यातही गोट्या टाकायच्या. कारण एवढ्याशा पाण्यातही पिल्लू तोंडावर पडून बुडतं. खाद्य मिक्सरमधून बारीक करून द्यायचं. आमचे हे पहिल्या आठवड्यात धास्तावले होते, पाळीव लावा गुन्ह्यात बसतो की काय म्हणून. रानातल्या लाव्यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते धरणं गुन्हाच. पण हा जपानी लावा. 1974 साली कॅलिफोर्नियाहून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणलेला, शेडमध्येच वाढलेला वाण. मध्यंतरी 2011 साली केंद्र सरकारनं यालाही वन्यजीवांत धरून नवे परवाने थांबवले होते, ती अडचण पुढं दूर झाली. हे सगळं नणंदेच्या यजमानांनी फोनवर तासभर समजावलं तेव्हा कुठं ह्यांना झोप लागली.

आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, हरकत वेगळीच. त्या नांदेडकडच्या, मुखेड तालुक्यातल्या. "लाव्हरी घरात ऱ्हात नसती गं. ती हरभऱ्यातली," म्हणाल्या. त्यांच्या लहानपणी पारधी फासे लावून लाव्हऱ्या धरायचे आणि गावात विकायला आणायचे. वडील माळकरी, त्यामुळं घरी कधी घेतल्या नाहीत. पण पायाखालून अचानक भुर्रकन उठणारं ते पाखरू त्यांना चांगलं आठवत होतं.

ते भुर्रकन उठणं शेडमधल्या वाणातही उरलंय. कुकरची शिट्टी झाली, कुणी स्टीलचा डबा पाडला, की लावा तिरपा उडत नाही, सरळ वर सुटतो. पिंजऱ्याचं छत लोखंडी असेल तर डोकं फुटतं. आम्ही छताखाली लेकीची जुनी ओढणी ताणून बांधली. मग धडकेचा आवाज तेवढा मऊ झाला, सवय काही गेली नाही.

दीड महिन्यात कोण कोण ते कळलं. एकाची छाती विटकरी झाली, तो नर. दोघींच्या छातीवर ठिपके राहिले, त्यातलीच एक ठकी. नराचं नाव हवालदार पडलं, कारण तो रात्री अडीच वाजता गस्तीवर असल्यासारखा ओरडायचा. घशातून खरखरीत तीन तुकड्यांची हाळी, शेवटचा तुकडा लांबवलेला. जपानात शेकडो वर्षं लावे पाळले ते अंड्यांसाठी नव्हे, याच आवाजासाठी. गाणाऱ्या नरांच्या स्पर्धा भरायच्या म्हणे. ते गाणारे वाण दुसऱ्या महायुद्धात संपले. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांना विचाराल तर ते चांगलंच झालं म्हणतील. शिवाय दोनच माद्या असल्यानं हवालदारानं त्यांच्या डोक्यावरची पिसं ओढून टक्कल पाडलं. त्याची रवानगी परत उदगीरला झाली.

अंडी सुरू झाली तशी आत्याबाईंची पंचाईत झाली. लाव्याची मादी बहुधा दुपारनंतर, दिवस कलताना अंडं घालते, आणि ती वेळ नेमकी हरिपाठाची. कोपऱ्यात त्यांची टाळी चाललेली आणि सोफ्याखाली ठकी बसलेली. प्रत्येक मादीच्या अंड्यावरची नक्षी ठरलेली असते. ठकीचं अंडं फिकट, त्यावर शाई सांडल्यासारखे मोठे तपकिरी डाग. दुसरीचं बारीक शिंतोड्यांचं. घरात अंडी खाणारं कुणी नाही, म्हणून सगळी खालच्या मजल्यावरच्या व्यायामवेड्या पोराला जायची. पाच अंडी म्हणजे कोंबडीचं एक, हा हिशेब त्यानंच मांडला होता.

पण आत्याबाईंना सलायचं ते दुसरंच. ठकी अंडं घालायची आणि त्याच्यावरूनच पाय देऊन निघून जायची. "कामून बसंना गं ही? कसली माय म्हणावं हिला!" अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करता करता या वाणाची उबवायची बुद्धीच जवळजवळ गेलीय, सगळं यंत्रावर चालतं, असं मी सांगितलं. सतरा-अठरा दिवसांत यंत्रातून पिल्लं निघतात. 1990 साली तर सोव्हिएत संघाच्या मीर अवकाशस्थानकावरही निघाली होती.

"तिथं कोण बसलं व्हतं अंड्यावर?"

"कुणी नाही. यंत्रच."

"मग आपल्या ठकीचं काय चुकलं," म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून ठकीला शेपू निवडून मिळू लागला.

त्यांची खरी गट्टी मात्र न्हाणीवरून जमली. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात बादल्या मोजायची खोड कायमची राहिली. आणि ठकी मातीत न्हायची. आत्याबाईंनी आपली जुनी पितळी परात काढून त्यात चाळलेली रेती भरून दिली. ठकी आधी चोचीनं रेती उकरायची, मग एका कुशीवर आडवी व्हायची, पंख पसरून पायांनी रेती पिसांच्या मुळाशी उडवायची, एक डोळा अर्धा मिटलेला. पाय ताणून निपचित पडली की नवख्या माणसाला वाटायचं, मेली. मग उठून अंग झाडायची आणि फरशीभर रेती. झाडू मलाच मारावा लागायचा, कौतुक मात्र तिचं: "पाण्याचा थेंब न लागता न्हातंय लेकरू!"

दुसरी मादी पहिल्याच उन्हाळ्यात गेली. त्यानंतर एप्रिल-मेमध्ये पिंजऱ्यावर ओलं गोणपाट आणि बाजूला कूलर हा नेमच झाला. एकटी पडल्यावर ठकी माणसांच्या मागं फिरू लागली, रातकिड्यासारखी बारीक किरकिर करत. याला माया म्हणावं का, मला शंकाच आहे. हातात घेतलं की तिचं काळीज बोटांना लागायचं इतकं धडधडायचं, ते शेवटपर्यंत कमी झालं नाही. जवळ यायची ती स्वतःच्या पायांनी, उचललेलं तिला कधी खपलं नाही. मुलीनं पुढं उचलणं सोडून दिलं आणि फरशीवर पालथं पडून अभ्यास करू लागली.

जानेवारी 2025 मध्ये उदगीरला कावळे मरून पडले आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. आम्ही लातूर शहरात, तरी गॅलरी बंद केली, चपला दाराबाहेर, आणि उदगीरचं येणं-जाणं थांबवलं. ठकीला काही झालं नाही. तोवर तिची अंडी बंद झाली होती, पाठीवरचे रंग विटले होते. एप्रिलमध्ये एका दुपारी ती परातीत गेली आणि उठली नाही. वय अडीच वर्षांच्या आसपास. लाव्याच्या हिशेबानं म्हातारीच.

नणंदेचा फोन आला, नवी पिल्लं निघालीत, देऊ का म्हणून. मी काही बोलायच्या आत आत्याबाईंनी फोन घेतला. "दे की दोन. माद्याच बघून दे, जरा मोठ्या झाल्यावर. नर नको, हरिपाठात मधीच बोलतंय ते."