समेवरचा खटका

मैफलीचे फोटो काढणाऱ्याला ताल कळावा लागतो. मला तो कॅमेऱ्याने शिकवला.

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे तिरका आरसा असतो. बटण दाबलं की तो उडून वर आपटतो, शटर उघडून मिटतं आणि आरसा पुन्हा जागेवर येतो. पापणी लवायच्या आत सगळं होतं, पण आवाज चांगला खणखणीत. विलंबित ख्याल चालू आहे, गायिका मंद्रातल्या निषादावरून षड्जाकडे येते आहे, दोन तंबोऱ्यांखेरीज सभागृहात काही ऐकू येत नाही, आणि तेवढ्यात आमचं 'खटाक'. पहिल्या रांगेतल्या दोन-तीन माना वळतात. अशा वेळी पुणेकर श्रोता ज्या नजरेने पाहतो, ती ज्याने झेलली आहे त्यालाच माहीत. म्हणून आम्ही समेची वाट बघायचो. आवर्तन कुठवर आलं याचा हिशेब डोक्यात चालू, बोट बटणावर अर्धं दाबलेलं. सम आली, तबल्यावर धिं पडला, श्रोत्यांतून 'वा' निघाली की तिच्या आडोशाने खटका उरकायचा. विलंबित एकतालाचं एकेक आवर्तन पाऊण मिनिट चालू शकतं. तेवढ्यात एखादा फोटो. हुकला तर पुढच्या समेपर्यंत गप्प बसायचं.

याचा परिणाम असा, की माझ्या जुन्या संग्रहातले झाडून सगळे गवई समेवर आहेत. हात खाली आलेला, डोळे उघडलेले, तबलजीकडे बघून प्रसन्न हसू. ते हसू खरंच असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सम गाठण्याआधी चेहरा जे काही शोधत असतो, कपाळावर जी एक आठी येते आणि विरते, ते त्या फोटोंत नाही. ते मी नुसतं बघितलं.

आता माझ्या कॅमेऱ्यात आरसा नाही. का बदललास, असं कुणी विचारलं की मी वजनाचं कारण सांगतो. तेही खोटं नाही. माझी आधीची निकॉन डी८५० ही बॉडी बॅटरी आणि कार्डासकट १००५ ग्रॅमची. तिच्यावरची २४-७० एफ२.८ लेन्स १०७० ग्रॅम, ७०-२०० एफ२.८ लेन्स १४३०. एक बॉडी नि दोन लेन्स म्हणजेच साडेतीन किलो झाले. लग्न किंवा नाटक असेल तर दुसरी बॉडी हवीच, कारण अंतरपाट धरलेला असताना लेन्स बदलायला कुणी वेळ देत नाही. त्यावर फ्लॅश, सेल, चार्जर, मोनोपॉड. एवढं सगळं पाठीला लावून स्कूटरने नाट्यगृह गाठायचं आणि दोन-अडीच तास डोळ्याला लावून उभं राहायचं. हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि कॅमेऱ्याचा पट्टा कुठल्या खांद्यावर असतो ते मला न विचारताच सांगितलं. होमाई व्यारावाला चाळीसच्या दशकात दिल्लीत साडी नेसून, सायकलवर स्पीड ग्राफिकसारखं धूड घेऊन हिंडत. त्यांच्यापुढे माझ्या मानेचं कौतुक कुणाला सांगू?

पण एवढं वजन मुळात आलं कुठून, याचा विचार मी फार उशिरापर्यंत केला नव्हता. मी शिकलो निकॉन एफएम२वर. ती नुसती बॉडी ५४० ग्रॅमची. पुढे ५० मिलिमीटरची छोटी लेन्स, आत ४०० एएसएची काळी-पांढरी फिल्म. नाटकाच्या उजेडात ती पुरायची नाही, म्हणून ती १६०० समजून वापरायची आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. दाणे मोठे यायचे, सावल्या कोळशासारख्या काळ्या व्हायच्या. लांबचं जवळ दिसावं म्हणून पुढच्या रांगेत बसायचं, एवढाच आमचा झूम.

डिजिटल आलं तेव्हा आम्हाला झूमची सवय लागलेली होती आणि सेन्सर अजून कच्चे होते. २००४ साली आलेल्या निकॉन डी७०ला १६००च्या वर आयएसओच (फिल्मच्या भाषेत एएसए) नव्हता, आणि त्या १६००मध्ये सावल्यांतून रंगीत किडे वळवळताना दिसायचे. सेन्सरकडून उजेड मिळत नाही, मग तो काचेतून आणायचा. इथे गणित सरळ आहे. २०० मिलिमीटरची लेन्स एफ२.८ हवी असेल तर २०० भागिले २.८, म्हणजे उजेड आत घेणारं तोंड साधारण ७१ मिलिमीटर रुंद लागतं. त्या रुंदीची काच, एकामागे एक अनेक भिंगांची, वर फोकसची मोटर, हात हलल्याचं सावरणारी यंत्रणा आणि हे सगळं पेलणारी धातूची नळी. आम्ही उजेड किलोवर विकत घेत होतो. पुढे सेन्सर सुधारले, ६४०० आयएसओ हे रोजच्या वापरातलं झालं, तरी आम्ही तेच किलो उचलत राहिलो. काही सवयीने, आणि काही आब म्हणून.

आरसा काढला की सगळं हलकं होतं, हा दुकानातला समज आहे. बॉडी हलकी होते, काच होत नाही. निकॉनच्याच आरसाविरहित झेड मालिकेतली ७०-२०० एफ२.८ हातात घेऊन बघा, जवळपास तेवढीच जड. भागाकार तिथेही तोच आहे. खरंच हलकं व्हायचं तर काहीतरी सोडावं लागतं. मी सेन्सरचा आकार सोडला. फुजीफिल्म एक्स-टी५चा सेन्सर माझ्या आधीच्या सेन्सरच्या क्षेत्रफळाने निम्म्याहूनही लहान आहे. बॉडी बॅटरी-कार्डासकट ५५७ ग्रॅम, १८-५५ची लेन्स ३१० ग्रॅम, आणि नाटकासाठी ९० मिलिमीटर एफ२ची, तिचे ५४०. बेरीज १४०७. पार्श्वभूमी आता पूर्वीइतकी लोण्यासारखी विरघळत नाही, आणि अगदी कमी उजेडात साधारण एका स्टॉपचा, म्हणजे निम्म्या उजेडाचा, तोटा दिसतो. मला नाटकात पार्श्वभूमी विरघळलेली नकोच असते. नेपथ्यकाराने महिनाभर डोकं खपवून उभा केलेला वाडा धुरकट करून दाखवायचा, हा कुठला न्याय? बॅटरीचं मात्र रडगाणं आहे. कंपनीच्या प्रमाणित चाचणीत डी८५० एका चार्जवर १८४० फोटो काढतो, हा ५८०. म्हणून खिशात दोन जास्तीच्या बॅटऱ्या असतात. त्या धरूनही मान सुखी आहे.

लग्नांत मात्र हलकेपणा महाग पडतो. कार्यालयात शिरल्यावर मुलीचे वडील माझ्या हाताकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि "मोठा कॅमेरा गाडीत आहे ना?" असं आशेने विचारतात. जड कॅमेऱ्याला गर्दी वाट देत असे, भटजी क्षणभर थांबत, मामा आपोआप बाजूला होत. आता "दादा, तुम्ही पाहुण्यांत बसा ना" असं ऐकावं लागतं. मी त्यावर भांडत नाही. पाहुण्यांत बसून जे फोटो मिळतात ते मोठ्या कॅमेऱ्याला कधी मिळाले नव्हते.

आणि लग्नातच मला आरशाची दुसरी गोष्ट लख्ख जाणवली. आरसा वर गेला की व्ह्यूफाइंडर काळा होतो. म्हणजे ज्या क्षणी फोटो निघतो, नेमका तोच क्षण फोटोग्राफरला दिसत नाही. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट सरकतो, अक्षता उडतात, बँड सुरू होतो. हे दृश्य मी टिपत आलो, पण अंतरपाट सरकल्यावर वधूच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काय उमटतं ते मला नेहमी नंतर, मागच्या पडद्यावरच दिसलं. माझ्या डोळ्यासमोर त्या वेळी काळोख असे. नव्या कॅमेऱ्यातही मेकॅनिकल शटर वापरलं तर क्षणभर अंधारी येतेच. मात्र आवाज बंद ठेवून इलेक्ट्रॉनिक शटरने बऱ्यापैकी वेगात फोटो काढले तर चित्र डोळ्यासमोर चालू राहतं. मी पहिल्यांदा काढता काढता बघितलं तेव्हा फार विचित्र वाटलं. आपण काढतोय की नुसते बघतोय हेच कळेना.

खरा बदल हा आवाजाचा आहे. वजन हा लोकांना सांगायचा बदल.

आरसा नसलेला कॅमेरा ही काही नव्या शतकाची करामत नव्हे. जर्मनीत वेट्झलर गावी लाइट्झच्या कारखान्यात काम करणाऱ्या ऑस्कर बारनाकला दम्याचा विकार होता. डोंगरात काचेच्या प्लेटांचा कॅमेरा वाहून नेणं त्याला झेपेना. त्यातून पहिल्या महायुद्धाआधी त्याने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला, आणि १९२५मध्ये लायका बाजारात आला. त्यात आरसा नव्हता, म्हणून शटर मऊ वाजायचं. मैफलीत, नाटकात तो आदर्श होता. आमच्यासारख्यांनी मात्र तो दुकानाच्या काचेबाहेरूनच पाहिला. चित्रीकरणाबरोबरच आवाज टिपणाऱ्या, सिंक साउंडच्या सिनेमाच्या सेटवर स्थिर छायाचित्रकार एसएलआर चक्क ब्लिम्पमध्ये, म्हणजे आवाज दाबणाऱ्या पेटीत घालून वापरत. डी८५०मध्ये 'क्यू' नावाचा शांत मोड होता. त्यात आवाज थोडा दबायचा, जायचा नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये गेलं तर आवाज पूर्ण बंद करता यायचा, पण मग मागचा पडदा उजळायचा आणि फोकस रेंगाळायचा. काळोख्या सभागृहात मागच्या माणसाला आवाजापेक्षा तो उजेडच जास्त खुपतो.

तो उजेड नव्या कॅमेऱ्यातही असतो, फक्त डोळ्यापाशी. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर हा छोटा टीव्हीच. डोळा बाजूला घेतला की चेहऱ्यावर निळसर झाक पडते. म्हणून तिसरी घंटा व्हायच्या आत माझी कामं ठरलेली: मागचा पडदा बंद, फोकसला मदत करणारा दिवा बंद, व्ह्यूफाइंडरची प्रखरता खाली. नाटकात आणखी एक पंचाईत आहे. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एका दमात वाचला जात नाही, ओळीओळीने वाचला जातो. रंगमंचावरचे एलईडी दिवे तेवढ्यात अनेकदा उघडमीट करतात, आणि नायकाच्या सदऱ्यावर आडवे काळे पट्टे उमटतात. शटरचा वेग १/१०० किंवा १/५०वर आणला की वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झशी जुळून बरेचदा पट्टे जातात. प्रकाशयोजनाकाराने डिमर खाली ओढला की ते पुन्हा येतात. तबल्यावर वेगळीच गंमत. द्रुत लयीत तबलजीची बोटं फोटोत रबरी होतात, कोपऱ्यातून वाकलेली. चाळीस वर्षं रियाज केलेल्या माणसाला त्याचाच हात असा दाखवण्याची माझी हिंमत नाही. तिथे मेकॅनिकल शटर लावायचं. आरसा नसल्याने तेही बरंच हळू वाजतं, आणि द्रुतमध्ये ते कुणाला ऐकू येणार?

आलापीत मात्र मी आता मोकळा आहे. तंबोरे जुळवताना, सूर लावण्याआधी घेतलेल्या श्वासात, पट्टशिष्याकडे टाकलेल्या नाराज कटाक्षात, कुठेही. पहिल्यांदा तशी मैफल टिपली तेव्हा घरी येऊन मी रात्री उशिरापर्यंत फोटो बघत बसलो. कपाळावरची ती आठी त्यात होती. फोटोही फार झाले होते, हे सांगायला हवं. समेने घातलेला लगाम गेला की बोट सैल सुटतं. आता मी मनात मात्रा मोजत बसतो आणि कधीकधी जुन्या सवयीने समेवरच दाबतो.

यापेक्षा मला जास्त छळलं ते ग्रीन रूमने. तिथे मी आधीही जात होतो. आरसा वाजला की नट मान वर करायचा, एखादी भुवई उंचवायचा. "हा नको हं" म्हणायचा, किंवा काहीच न बोलता पुन्हा मिशी चिकटवायला लागायचा. तो खटका म्हणजे समोरच्याला दिलेली पावती होती: तुमच्याकडून काहीतरी घेतलं आहे. आता मी कोपऱ्यात बसून एका ज्येष्ठ अभिनेत्रीचे, तिने केसांचा टोप काढून टाळूला तेल लावेपर्यंतचे सगळे फोटो घेऊ शकतो, आणि तिला त्यातलं एकही अक्षर कळणार नाही. ती मला ओळखते, तिने दाराशी "ये रे" म्हटलेलं असतं. तरी त्या 'ये'मध्ये किती फोटो बसतात? नियमात याचं उत्तर नाही. रस्त्यावर मोबाइलने सगळेच सगळ्यांचे घेतात, हे समर्थनही मला मान्य नाही, कारण मोबाइलवाल्याला कुणी आत बोलावलेलं नसतं.

या कॅमेऱ्यांत शटरचा खोटा आवाज काढायची सोय असते. स्पीकरमधून येतो, हवा तेवढा लहानमोठा करता येतो. सुरुवातीला मला ती बालिश वाटली होती. आता ग्रीन रूममध्ये मी तो आवाज सुरू ठेवतो आणि रंगमंचाच्या पायरीवर बंद करतो.

मागच्या हिवाळ्यात एका मैफलीआधी तबलजी हातोडीने गट्टे ठोकून तबला मिळवत होते. मी दोन फोटो घेतले. त्यांनी हातोडी थांबवली.

"हा तुमचा आवाज खरा नाही ना?"

"नाही काका. आतून वाजवतो."

"तरीच. पट्टी कसलीच नाही त्याला." त्यांनी चाट वाजवून पाहिली आणि पुन्हा गट्ट्यावर ठोकलं. "बरं, दोन काढलेत ना? पहिला पुसा. तेव्हा मी जांभई देत होतो."

मी पाहिलं. खरंच देत होते. पुसला.