पुढची काच

साताऱ्याला ताईकडे जाऊन आलो की दुसऱ्या दिवशी मान हमखास अवघडलेली असायची. आधी वाटलं, वय झालं. मग वाटलं, उशीचा दोष असेल. उशी बदलली, दोन उशा घेऊन पाहिल्या, उशीशिवाय झोपून पाहिलं. घरातल्या उशा तेवढ्या वाढल्या, मान होती तशीच. शेवटी फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, गाडी कुठली चालवता? म्हटलं, बुलेट. पुढे काच आहे? नाही. "मग तुम्ही दोन-दोन तास डोक्याने वारा ढकलत जाताय," असं म्हणून त्यांनी मानेचे व्यायाम दाखवायला सुरुवात केली.

डोक्याने वारा ढकलणं! इतकी वर्षं गाडी चालवून हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

खरं तर हिशेब शाळेतला आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. चाळीसने जाताना जो वारा छातीला गुदगुल्या करतो, तोच ऐंशीला छातीवर हात ठेवून मागे रेटत असतो. बुलेटवर बसायचं कसं, तर पाटावर बसल्यासारखं ताठ. म्हणजे सगळी छाती वाऱ्याला आंदण. मागे पडू नये म्हणून आपण नकळत हँडल धरून लोंबकळत राहतो, आणि हेल्मेटसकट डोकं सरळ ठेवायचं काम मानेकडे येतं. मुंबईच्या एक्स्प्रेस-वेवर दुचाकींना बंदी आहे म्हणून बरं, नाहीतर मी तिथेही हे केलं असतं.

आमच्या बाबांच्या चेतकला काच होती. हँडलला दोन चिमट्यांनी बसवलेली, जुनी होऊन पिवळट पडलेली. मी पुढे उभा असायचो, त्या काचेच्या मागे. थंडीच्या दिवसांत तिथे चक्क उबदार वाटायचं. बाबांना काच असूनही भरवसा नसायचा. डिसेंबर लागला की सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी. त्या काळी अर्धं गाव तेच करायचं. 'छातीत वारा भरतो' हे निदान घरोघरी ठरलेलं होतं. मागे आई, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर ताई. आईने पदर कानावरून घट्ट ओढून दातांत धरलेला असायचा. हे चित्र मला स्पष्ट आठवतं, पण त्याचा विचार मी आत्ताआत्तापर्यंत केला नव्हता.

तर नाना पेठ. गाडीला लावायचं जगातलं काहीही तिथे मिळतं. दुकानदाराने तीन काचा काउंटरवर मांडल्या. एक हेडलाइटच्या वर चार बोटं, टोपीच्या झापेसारखी. दुसरी मध्यम. तिसरी चांगली दोन फुटी. "साहेब, मोठीच घ्या. एकदा लावली की वाऱ्याचा विषयच संपला." विषय संपला हे शब्द ऐकले की मी पाकीट काढतो, हा माझा जुना दोष.

पहिल्याच फेरीला कात्रजचा बोगदा ओलांडला आणि छाती एकदम शांत. हात सैल. पण डोकं... डोक्याला कुणीतरी दोन्ही बाजूंनी टपल्या मारत होतं. काच नव्हती तेव्हा वारा निदान सरळ यायचा. आता तो थडथड थडथड असा येत होता. हेल्मेट हलतंय, चष्मा हलतोय, ट्रकमागची अक्षरं हलताहेत. शिरवळला थांबलो तेव्हा कान गुणगुणत होते.

मग नादच लागला. वाचलं, विचारलं, पाहिलं. कळलं ते असं: काच वारा थांबवत नाही, त्याला वर उडवते. काचेच्या मागे हवेची पोकळी होते आणि ती भरायला चहूकडून हवा धावते. वर उडालेल्या वाऱ्याच्या कडेला भोवरे सुटतात. ती कड नेमकी तुमच्या हेल्मेटवर आली, तर काच नसलेली बरी. म्हणजे डोकं एकतर पूर्ण शांततेत हवं, नाहीतर पूर्ण स्वच्छ वाऱ्यात. मधल्या जागेत हाल.

हे तपासायचा एक फुकट उपाय आहे. मोकळ्या रस्त्यावर थोडं खाली वाकायचं. थडथड थांबली तर तुम्हाला काच उंच हवी किंवा तिचा कल बदलायला हवा. मग पायांवर किंचित उठायचं. तिथे थांबली तर काच बुटकी हवी. दुसरा उपाय लोकरीचा. बायकोच्या विणकामातली उरलेली लोकर घेऊन बोटभर लांबीचे तुकडे काचेच्या आतून, टाकीवर, जर्किनच्या खांद्यावर चिकटवले. ती गॅलरीतून बघत होती. "गाडीचं डोहाळजेवण आहे का?" असू दे. ऐंशीच्या वेगाला टाकीवरचा लाल धागा मागे उडायचा सोडून पुढे, काचेकडे पळत होता! म्हणजे पोकळीत शिरणारी हवा मागून येत होती. काच दोन बोटं वर उचलली, खाली फट ठेवली. त्या फटीतून थोडा वारा आत आला आणि पोकळी मऊ झाली. कल थोडा मागे केला. चार रविवार खटपट केल्यावर डोकं शांत झालं.

या विषयात माझ्यापेक्षा वेडे लोक होऊन गेलेत. इटलीत मांडेल्लो देल लारिओ या गावात मोटो गुझीने १९५० साली आपल्या कारखान्यात वाऱ्याचा बोगदा बांधला. गाडीवर खरा स्वार बसवायचा आणि समोरून वारा सोडायचा. त्या दशकात शर्यतीच्या गाड्यांना पुढचं चाक झाकणारी पिंपासारखी आवरणं लावत. वेग वाढला, पण आडव्या वाऱ्यात गाडी फेकली जायची, म्हणून १९५७ च्या हंगामानंतर त्यांवर बंदी आली. पुढे १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने आर-१०० आरएस आणली, लांबच्या प्रवाशाला वारा लागू नये म्हणून बोगद्यात घडवलेली. मी हे सगळं वाचून बायकोला सांगायचो. ती मान डोलवायची.

आडव्या वाऱ्याचा धडा मलाही मिळाला. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. हँडलला बसवलेली मोठी काच म्हणजे शीडच. झोत आला की थेट हँडल ओढलं जातं. तेवढं सोडलं तर मी खूश होतो. मान दुखायची थांबली. फिजिओथेरपीच्या बाईंना पेढे द्यायचे बाकी होते.

एक गोष्ट मात्र हळूहळू बदलली होती. बायको साताऱ्याला यायची बंद झाली. आधी दर महिन्याला यायची, खंबाटकीच्या अलीकडे चहा हा आमचा ठरलेला. मग एकदा भिशी निघाली, एकदा गुडघा, एकदा "तुम्ही या जाऊन, मी एसटीने येते". मला वाटलं, हौस संपली असेल. पन्नाशीकडे होतं असं. थोडं वाईट वाटलं, पण विचारलं नाही. एकट्याने जायची सवय झाली आणि खरं सांगायचं तर ती सवय आवडायलाही लागली.

मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ताईचा मुलगा म्हणाला, "मामा, बुलेट मला द्या की आज, तुम्ही मागं बसा." ठोसेघरकडे निघालो. गावातून बाहेर पडेपर्यंत ठीक होतं. सपाटीला त्याने सत्तरीचा वेग घेतला आणि माझ्या डोक्यावर आभाळ कोसळलं. दुसरा शब्द नाही. हेल्मेट पुढे-मागे आपटत होतं, चष्म्याच्या कडेने डोळ्यांत पाणी, श्वास तुटत होता. भाचा पुढे निवांत शीळ घालत होता. मी इतक्या रविवारांत जो वारा माझ्या डोक्यावरून सफाईने पलीकडे धाडला होता, तो पलीकडे जाऊन मागच्या सीटवर पडत होता. मागची सीट उंच असते. तिथे माझ्यासारख्या साडेपाच फुटी माणसाचं डोकं बरोबर त्या भोवऱ्यात येतं. तिचंही.

दहा मिनिटांत त्याला थांबायला सांगितलं. त्याला वाटलं, मामाला मळमळतंय.

घरी आल्यावर विचारलं. ती भाजी निवडत होती. "सांगितलं होतं की मी. दिवाळीत. तुम्ही म्हणालात, एवढी मोठी काच लावलीय, वारा कुठून येईल?"

म्हणालो होतो. शब्द न् शब्द आठवला. हसत म्हणालो होतो.

"मग परत का नाही सांगितलंस?"

"तुमची मान बरी झाली होती ना."

त्या रात्री आईला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, चेतकवर मागे तुला वारा लागायचा का गं? ती म्हणाली, "वारा? लागायचाच की. का रे?" काही नाही म्हटलं.

मोठी काच उतरवली. पुन्हा नाना पेठ, पण या वेळी दोघं. मध्यम काच मला छातीपर्यंत झाकते, डोकं उघडं, पण वारा सरळ येतो. तिने मागे बसून कात्रज ते खेड शिवापूर दोन फेऱ्या केल्या. बाकी गोष्टी तिने दुकानातच ठरवल्या. काचेतून नाही, काचेवरून रस्ता दिसला पाहिजे, कारण पावसात काचेला वायपर नसतो आणि रात्री ओरखड्यांवर समोरचा दिवा फुटतो. हा माझाच मुद्दा, मी तिला कधीतरी सांगितलेला. म्हणजे ती नुसतीच मान डोलवत नव्हती. पॉलिकार्बोनेट घेतलं, पटकन फुटत नाही म्हणून. पेट्रोलच्या बोळ्याने ते पुसू नका, बारीक तडे जातात. वाळलेले किडे ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं ठेवले की आपोआप सुटतात. दोघांनी कानात फोमचे बोळे घालायला सुरुवात केली. मोठ्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज इंजिनापेक्षा जास्त असतो आणि तो तासन्तास कानावर पडला की ऐकू येणं कमी होतं. आणि सत्तरच्या वर जायचं नाही, ही अट तिची. सत्तरच्या आत आहे की नाही हे तिला मागून काटा न बघता कळतं. खांद्यावर एक बोट टेकवते.

परवा साताऱ्याला जाऊन आलो. मान थोडी धरली आहे. खंबाटकीच्या अलीकडे चहा घेतला. ती म्हणाली चहा पूर्वीसारखा राहिला नाही. मला तर तसाच लागला.

मोठी काच माळ्यावर आहे, फारशी वापरलेली नाही. कुणाला हवी असल्यास घेऊन जा. फक्त मागे कुणी बसणारं नसेल तरच.